फोनवरच्या माणसांसाठी

२ मे, शुक्रवार

नाव दिलं. बेचाळीस किलोमीटर, बारा ऑक्टोबरला. आता मागे फिरायची सोय नाही. टपालकाकांनी माझ्यासमोर फॉर्म भरला, सही घेतली आणि "झालं टाकीवाले, आता तुमचे पाय सरकारजमा" म्हणत पेन खिशात टाकलं.

टपालकाका म्हणजे निवृत्त पोस्टमन. सदुसष्टचे. चौतीस वर्षं पत्रं वाटली, मग घरी बसवेना, म्हणून पळायला लागले. आमच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या कुंपणाबाहेरून रोज जातात. मी टाकीच्या कठड्यावर पाण्याचे नमुने घेत असायचो, ते खालून हात करायचे. एवढीच ओळख. मागच्या महिन्यात त्यांच्या बनियनवरचं नाव वाचलं आणि हातातली बाटली भरून वाहायला लागली तरी कळलं नाही.

त्या फोनवाल्या संस्थेचं नाव होतं. जीव नकोसा झाला की तिथे फोन करायचा. पलीकडे कोणीतरी असतं, ऐकून घेतं. दरवर्षी त्यांच्यासाठी काही जण शर्यतीत पळतात आणि ओळखीपाळखीतून देणग्या मिळवून देतात.

दोन वर्षांपूर्वी मनीने त्यांनाच फोन केला होता. आमची मनी, एकुलती एक. तेव्हा बावीसची. अॅम्ब्युलन्स दारात येईपर्यंत पलीकडचा माणूस तिच्याशी बोलत राहिला. आम्ही दोघं कामावर होतो.

तर — त्यांच्यासाठी पळायचं. वय चोपन्न, वजन ब्याऐंशी. बसमागे धावल्यालासुद्धा दहा वर्षं झाली असतील.

घरी हिला सांगितलं. ही डबे घासत होती. शाळेच्या ऑफिसात दिवसभर दाखले लिहून आली की हिच्या तोंडून शब्द निघत नाही. एवढंच विचारलं, "कधी पळणार?" म्हटलं, तीनला पाळी सुटली की केंद्रातच कपडे बदलीन, पाच-सव्वापाचपर्यंत घरी. "बरं. पळा."

मला वाटलं होतं, निदान हसेल.

५ मे, सोमवार

दोन किलोमीटर. नंतर जिना उतरताना कठडा धरावा लागला.

११ मे, रविवार

केंद्राच्या आतल्या रस्त्याने पळतो. निवळण टाक्या, मग वाळूच्या गाळण्या, मग क्लोरीनची खोली, मग परत टाक्या. एक फेरी आठशे मीटर. मुख्य केमिस्टसाहेबांनी परवानगी दिली, पण "टाकीत पडू नका, सगळं शहर तुम्हाला पिईल" असंही म्हणाले. साहेब विनोद करतात तेव्हा तोंड तसंच ठेवतात. हसावं की नाही कळत नाही.

टपालकाका बरोबर असतात. बोलता येईल एवढ्याच वेगाने पळायचं म्हणतात, आणि मग तेच बोलतात. मी हूं हूं करतो. त्यांचं एक म्हणणं मात्र पटलं. "पाय आपले नाहीत असं समजायचं. भाड्याने आणलेत. जपून वापरायचे, परत करायचेत."

मनीला सांगितलं, शर्यतीत पळणार आहे. "बाबा, तू?" म्हणाली आणि खूप हसली. बऱ्याच दिवसांनी. चष्म्याच्या दुकानात लागल्यापासून बरी दिसते. एप्रिलपासून मालकाने तिला काच घासायच्या मशीनवर बसवायला घेतलंय. बोटांच्या पेरांना पांढरी भुकटी लागलेली असते, मुद्दाम न धुता घरी येते असं मला वाटतं.

कोणासाठी पळणार ते तिला सांगितलं नाही. सांगू हळूहळू.

१९ मे, सोमवार

संस्थेतल्या बाईंचा फोन. देणग्यांसाठी त्यांच्या साइटवर प्रत्येकाचं पान असतं, माझं रिकामं आहे म्हणाल्या. "लोक संस्थेला देत नाहीत हो, माणसाला देतात. तुमचं स्वतःचं काही असेल तर लिहा."

जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलो. वाटलं दोन ओळी होतील. सगळंच आलं. मनी उठेनाशी झाली ते महिने. पडदे. ताटातलं तसंच राहिलेलं जेवण. तो दिवस. तो फोन. दवाखान्यातले सहा आठवडे. नंतर ती पहिल्यांदा स्वतःहून केस धुऊन बाहेर येऊन बसली, ते. तिचं नाव घातलं नाही. खाली माझं नाव, माझं केंद्र.

लिहून झाल्यावर हलकं वाटलं. तसंच चढवलं.

२७ मे, मंगळवार

साहेबांनी वाचलं. माझ्या टेबलावर स्वतःच्या डब्यातलं केळं ठेवून गेले. "पळणाऱ्याने खावं."

१४ जून, शनिवार

दहा किलोमीटर झाले. उजव्या पायाचं नख काळं पडलंय.

पान फार चाललंय. संस्थेतल्या बाई म्हणतात, यंदा सगळ्यात जास्त तुमच्याच पानावर. पंपहाउसमधला माणूस, जो मला सोळा वर्षांत कधी नीट "काय" म्हणाला नाही, त्याने कोपऱ्यात बोलावून सांगितलं की त्याच्या भावाचंही असंच होतं. त्याचे डोळे भरले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "किती धीराचे आहात तुम्ही," म्हणाला.

दिवसभर ते कानात राहिलं. आवडलं, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी इतका दमलो होतो की जेवताना घास हातात धरून डुलकी लागली. हिने पाणी पुढे सरकवलं. हीच दमलेली दिसते, मी म्हणालो तसं. "वय झालं," म्हणाली. संपलं बोलणं.

३० जून, सोमवार

पाय शिसं. सहा किलोमीटर चाललो, पळालो म्हणणार नाही.

दुपारी पळायचं टाळून सरळ घरी जावं असं फार वाटलं. हिला फोन केला, येतोय म्हणून. "नाही जाणार आज पळायला?" म्हणाली. "जा हो. एकदा मोडलं की मोडतंच." माझ्यापेक्षा हिलाच या शर्यतीची काळजी. गेलो.

१० जुलै, गुरुवार

मनीला कळलं.

दुकानातल्या दुसऱ्या मुलीला कोणीतरी पान पाठवलं. तिने आडनाव बघितलं, केंद्राचं नाव बघितलं. मालकाला दाखवलं. मालक भला माणूस. त्याने मनीला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, उद्यापासून तू काउंटरवर बस, मशीनवर मी बसतो. तुला कशाला उगाच ताण.

मनी सांगत होती तेव्हा आवाज अजिबात चढला नव्हता. त्याने जास्त भीती वाटली. हात स्वच्छ होते.

"पडद्याचंही लिहिलंस. केसांचंही."

म्हटलं, तुझं नाव कुठे घातलंय.

"तुला किती मुली आहेत बाबा?"

मी म्हणालो, चांगल्या कामासाठी लिहिलं. किती लोकांना त्याने — तिने मला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाली, "मी दोन वर्षं एकेकाला स्वतः सांगतेय. कोणाला सांगायचं, किती सांगायचं, ते मी ठरवते. तेवढंच माझ्या हातात होतं."

खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

ही मधल्या दारात उभी होती. मी म्हटलं, तू तरी सांग तिला. ही म्हणाली, "मी काय सांगू? मला तरी विचारलं होतं का?" आणि गॅस बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

११ जुलै, शुक्रवार

पान काढलं. पळालो नाही.

१२ जुलै, शनिवार

संस्थेतल्या बाईंचा फोन. पान कुठे गेलं? खरं ते सांगितलं. मला वाटलं, गळ घालतील, एवढं चाललेलं पान. त्या म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. मुलीला विचारलंत का, हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं."

त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. बरं वाटलं असतं.

२१ जुलै, सोमवार

मनी बोलते. "मीठ दे." "दिवा बंद करू?" एवढंच. भांडण परवडलं.

सकाळी दुकानात जाते, संध्याकाळी येते. हात स्वच्छ.

पळतो. का पळतो ते आता सांगता येत नाही. शर्यतीचं नाव काढून टाकावं का, असं टपालकाकांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, म्हणजे दीडएक फेरी. त्यांच्या मानाने फार. मग म्हणाले, "तुम्ही कोणासाठी पळताय?"

मुलीसाठी, म्हटलं.

"तिने सांगितलंय?"

नाही.

"मग तिला त्यातून मोकळं करा. दुसरं कोणीतरी शोधा. नाहीच सापडलं तर स्वतःसाठी पळा, त्याला परवानगी लागत नाही."

मी विचारलं, तुम्ही कोणासाठी? ते सांगायला लागले आणि पहिल्यांदाच त्यांना दम लागला. बायको गेल्यावर ते जुन्या वाटेने हिंडायचे. नोकरी संपलेली, पिशवी नाही, तरी प्रत्येक दाराशी थांबायचे. एका दारातल्या म्हातारीने हाताला धरून आत बसवलं आणि संस्थेचा नंबर लावून दिला. "मी काही बोललोच नाही. वीस मिनिटं नुसता धरून बसलो होतो फोन. पलीकडच्याने ठेवला नाही."

मग म्हणाले, चला, चढ आला, आता गप्प बसा. मी कुठे बोलत होतो?

६ ऑगस्ट, बुधवार

नडगी दुखतेय. पाऊल टेकलं की वर गुडघ्यापर्यंत तार ओढल्यासारखं. डॉक्टर म्हणाले दहा दिवस पळणं बंद. हाड शिणलंय म्हणाले. हाडही शिणतं हे माहीत नव्हतं.

तीनला सुटून सरळ घरी गेलो. कडी आतून लावलेली. हिने बऱ्याच वेळाने उघडली. "आज लवकर कसे?" जरा तुटकच. पाय दाखवला. मग बर्फ आणून दिला. पण दहा दिवस मी घरात, हे हिला फार रुचलेलं नाही. माझं घरात बसणं हिला पूर्वीपासूनच पसाऱ्यासारखं वाटतं.

९ ऑगस्ट, शनिवार

बर्फ. पाय उशीवर. विचार करायला दुसरं काही नाही, म्हणून तेच.

मी पानावर लिहिलं होतं — "दवाखान्यातले सहा आठवडे आम्ही एकेक दिवस मोजून काढले." आम्ही.

ही रोज जायची. शाळा सुटली की बस, मग दुसरी बस, मग तिसरा मजला. बेचाळीस दिवस. मी किती वेळा गेलो? दोनदा. पहिल्या दिवशी, आणि घरी आणायला. मध्ये मी डबल पाळ्या मागून घेतल्या. क्लोरीनच्या नव्या यंत्राचं काम आहे असं घरी सांगितलं. ते यंत्र बसवून आठवड्यात झालं होतं. मी टाकीवर उभा राहून पाण्याचा गढूळपणा मोजायचो, तासाला एकदा मोजायचा तो दहा मिनिटांनी मोजायचो. आकडा तोच यायचा. वहीत लिहायचो.

त्या वॉर्डचं दार बाहेरून कुलूपबंद असायचं. घंटी वाजवली की उघडायचे. पहिल्या दिवशी आत गेलो, ती मला बघून "सॉरी बाबा" म्हणाली. मला काही बोलता आलं नाही. काहीच. परत जाऊन पुन्हा तसंच झालं तर, म्हणून गेलोच नाही.

हे कोणाला सांगितलेलं नाही. हिला ठाऊक असणारच. हिने कधी काढलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

परत पळायला लागलो. चार किलोमीटर. ही सकाळीच म्हणाली, "बरं वाटतंय ना पाय? मग जा."

२४ ऑगस्ट, रविवार

नवं पान लिहिलं. मनीचा एक शब्द नाही. लिहिलं की घरातलं माणूस आजारी होतं आणि मी कामात लपून बसलो. सहा आठवड्यांत दवाखान्यात दोनदाच गेलो. ज्या माणसाने फोनवर बसून ऐकून घेतलं, तो आमचा कोणी नव्हता. मी बाप असून जे केलं नाही ते त्याने केलं. म्हणून पळतोय. बस.

चढवण्याआधी कागदावर उतरवून मनीच्या टेबलावर ठेवलं. वर लिहिलं — "यातलं काहीही खोड. सगळं खोडलंस तरी चालेल."

२५ ऑगस्ट, सोमवार

कागद तिथेच. हललेला नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी बूट घालत होतो. मनी समोर येऊन उभी. कागद हातात.

"एक चूक आहे."

म्हटलं, खोड.

"दोनदाच गेलो, असं लिहिलंयस." मी मान हलवली. "तीनदा. एका दुपारी मी झोपले होते. तू काचेतून बघून गेलास. नर्सने सांगितलं, तुझे बाबा आले होते, गमबुटांत होते, लादी ओली करून गेले."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. तो दिवस कुठे गेला कोण जाणे.

"बाकी ठीक आहे," म्हणाली. "'आजारी माणूस' नको लिहू. मुलगी लिही. घरातलं माणूस काय, घरात उंदीर मेल्यासारखं वाटतं."

आणि गेली दुकानात. मी एका पायात बूट घालून तसाच बसलो. ही आतून म्हणाली, "उशीर होतोय." आवाज जड होता. सर्दी असेल.

७ सप्टेंबर, रविवार

चोवीस किलोमीटर. नव्या पानावर फार कोणी येत नाही. पंपहाउसवाला माझ्याशी परत बोलायचा बंद झालाय. धीराचा माणूस हवा होता त्याला. साहेबांनी मात्र वाचलं, आणि पुन्हा केळं.

घामाने छातीवर बनियन घासून रक्त आलं. आंघोळीत पाणी लागल्यावर जे ओरडलो, शेजारच्यांनी भिंत वाजवली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मनीचे हात पांढरे! मालकाशी ती स्वतःच बोलली. म्हणाली, मला मशीनवर चक्कर आली किंवा रडू आलं तर मीच उठून सांगेन, तोवर तुम्ही ठरवू नका. मालक म्हणाला, बाई, मला काय कळतंय त्यातलं, बस तू. हे मला तिने स्वतः सांगितलं, जेवताना. मी नुसतं "बरं झालं" म्हणालो. जास्त काही बोलायची भीती वाटते अजून.

२८ सप्टेंबर, रविवार

बत्तीस किलोमीटर. याहून जास्त आता शर्यतीतच, टपालकाका म्हणतात. पुढचे दोन आठवडे कमी कमी पळायचं.

मी इतका थकलोय की थकलोय असं वाटणंही बंद झालंय. पाच महिने. कपडे धुवायचे, वाळवायचे, परत घामाचे करायचे. दोन नखं गेली. टाकीवर उभं राहिलो तरी पायाखाली रस्ता सरकतोय असं वाटतं. कधी एकदा संपतंय.

हिला म्हटलं, झालं आता, पंधरा दिवस. मग दुपारी घरीच. तुझ्या हातचा चहा वेळेवर. ही म्हणाली, "हो, संपेलच आता." भाजी निवडत होती. निवडलेली आणि टाकायची, दोन्ही एकाच ताटात टाकत होती. दाखवलं तर म्हणाली, "लक्ष नव्हतं."

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या. बनियन उशाशी काढून ठेवलं. हिला विचारलं, येशील ना शेवटाला? "मी घरीच थांबते. तुम्ही या जाऊन." कशाला ते विचारलं नाही. जरा लागलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल लिहायला हात उचलला नाही. आज रजा. पलंगावरून लिहितोय.

पहिले वीस किलोमीटर सोपे गेले. इतके लोक, त्यांच्यात वाहत गेलो. टपालकाका पंधराव्यापर्यंत बरोबर होते, मग म्हणाले, "टाकीवाले, तुमच्या वेगाने गेलो तर माझी पेन्शन बंद होईल," आणि पुढे गेले. सदुसष्ट वर्षांचा माणूस. दिसेनासा झाला.

सत्ताविसाव्याला नडगी. तिसाव्याला पोटरीत गोळा आला, रस्त्याकडेला बसून दाबली. एका बाईने पाणी दिलं. उठलो. तेहतिसाव्यापासून पळणं संपलं. चालत होतो, तेही तिरका. मागून येणारे पुढे जायचे, मग मागून कोणी येईना. रस्ता झाडणारे आले मागे, पेले गोळा करत. एक म्हणाला, "दादा, सावकाश, आम्हाला घाई नाही." त्यांच्या पुढे पुढे चालत राहिलो. रडत होतो बहुतेक. घामात कळत नाही.

अशा वेळी काही मोठं मनात येईल असं वाटलं होतं. मनीचं, दवाखान्याचं. काही नाही. समोरचा विजेचा खांब. मग पुढचा खांब.

छत्तिसाव्याच्या पाटीपाशी मनी उभी. दुकानातला निळा कोट, पायात सपाता. मला ओळखू यायला वेळ लागला.

"फार हळू आहेस तू. मी दीड तास उभी आहे. मालकाला अर्ध्या तासात येते म्हणाले होते."

मी म्हटलं, कशाला आलीस, आणि तसंच चालत राहिलो कारण थांबलो असतो तर बसलोच असतो. ती बरोबर चालायला लागली. सपाता फट फट वाजत होत्या. बरंच अंतर. मग म्हणाली, "तू आत आला नाहीस त्याचा मला तेव्हा राग नव्हता आला. नंतर आला. आता परत नाहीये. पुन्हा येईल कदाचित."

येऊ दे, म्हटलं.

"सॉरी म्हणू नको."

नाही म्हणत.

पुढच्या चौकात तिची बस होती. गेली.

सहा तास बावीस मिनिटं. कमान उतरवायला लागले होते. दोरी धरलेल्या माणसाने दोरी सोडली नाही, मी पोचेपर्यंत धरून उभा राहिला. पलीकडे टपालकाका खुर्चीवर, अंगावर घोंगडी, हातात माझ्यासाठी सूप. गार झालेलं. म्हणाले, "टपाल उशिरा आलं, पण आलं."

घरी ही दारातच होती. माझे बूट हिने काढले. मोजे पायाला चिकटले होते, पाणी लावून लावून सोडवले. "झालं ना एकदाचं," म्हणाली. एवढंच, आणि मोजे हातात धरून बराच वेळ खाली बसून राहिली.

२० ऑक्टोबर, सोमवार

कामावर. तीनला सुटलो, साडेतीनला घरी. हिला यायला आणि मला यायला एकच वेळ झाली. चहा घेतला. पाच महिन्यांची सवय, दुपारचं काय करायचं कळत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

संस्थेत आज पळणाऱ्यांना चहाला बोलावलं होतं. ही नको नको म्हणत होती, मनीने ढकलून पाठवलं. एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, एकीत फोन, दुसरीत आम्ही. पांढऱ्या केसांच्या एक बाई चहा देत होत्या. ही त्यांना म्हणाली, "साखर नको. अर्धाच द्या." बाईंचा हात थांबला. त्यांनी हिच्याकडे नीट बघितलं. कप ठेवला, हिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि धरून उभ्या राहिल्या.

बसस्टॉपवर विचारलं, तुझ्या ओळखीच्या आहेत का?

"आवाजाने."

मला कळेना.

"जूनपासून," ही म्हणाली. "तुम्ही पळायला गेलात की. तेवढाच वेळ घरात कोणी नसायचं." समोर रस्त्याकडे बघत होती. "मनीसारखंच होतं माझंही. तसंच सगळं. तुमची शर्यत संपली तेव्हापासून केला नाही फोन."

बस दिसत होती लांबून. काय सांगायचीस त्यांना, विचारलं. ही म्हणाली, घरी चला, मग बघू.

घरी नको, म्हटलं. इथेच सांग.

बस आली. जाऊ दिली.